दोन बोटं

माझं काम सोपं होतं.
एक पत्र्याची बादली, नदीचं पाणी, एक स्पंज.
कुणी आडवा झाला की धावायचं,
चिखलात गुडघे टेकायचे, मानेवर स्पंज पिळायचा.
लोक म्हणायचे, हवेलच्या बादलीत जादू आहे.
जादू कसली!
जानेवारीत वेल्सच्या या दरीत
मढं उठून बसेल इतकं गार असतं पाणी.

मग बोटं दाखवायची.
किती?
दोन.
हां. जा.

आता लपवून काय करू?
मी दरवेळी दोनच दाखवायचो.
अख्ख्या टीमला ठाऊक होतं.
ज्याला स्वतःचं नाव आठवत नसे
तोही म्हणायचा, दोन,
आणि लोक टाळ्या वाजवायचे.

इदवाल पहिल्या फळीत.
आठ इकडचे, आठ तिकडचे, मधे चेंडू,
एडक्यांच्या टकरी लावाव्यात तशी डोकी भिडायची.
तो आवाज मला घरापर्यंत पुरायचा.
कानांचा चोथा झालेला, मान खांद्यात रुतलेली,
दिवसा खाणीत, शनिवारी मैदानात,
आणि खाण बंद पडली तेव्हा
फक्त शनिवार उरला.

पलीकडच्या खोऱ्यातल्यांशी मॅच होती तेव्हा
तो उठला आणि उलट्या दिशेला धावायला लागला.
आम्ही हसलो.
मीही हसलो. बादली हातात होती माझ्या.
त्याला खांद्याला धरून फिरवलं, घड्याळाची किल्ली द्यावी तसं,
आणि तो गेला, आणि आम्ही जिंकलो.
क्लबात त्या रात्री बिअर माझ्या नावावर होती.

त्रेपन्नावं लागलंय त्याला.
नेस्टा सांगत होती,
पहाटे तीन वाजता तो फाटकाशी उभा असतो
बाहेरगावच्या मॅचची बस येईल म्हणून.
बॅगेत एक उशी आणि इस्त्री.
आत चल म्हटलं तर कधी मुकाट येतो,
कधी दार फोडतो.
दार फोडल्यावर तिथंच बसून रडतो,
हे कुणी केलं, विचारतो.
तिनं तिसऱ्यांदा दार बसवलंय.
सुतार आमच्याच टीमचा, पैसे घेत नाही.
त्याचेही हात आता थरथरतात. बिजागरी तिरकी बसलीये.

कार्डिफला डॉक्टरीण बाई भली होती.
म्हणाली, मोठा मार एकच असता तर वेगळं.
हे छोट्या छोट्यांचं साचलेलं आहे,
हजारो.
ज्यांना तो पडलासुद्धा नाही,
ज्यांना कुणी धावत आलं नाही.
पक्कं काय ते मेल्यावरच कळतं, मेंदू उघडून पाहिला तर.
नेस्टानं फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला,
वाण्याच्या यादीशेजारी.

ज्यांना कुणी धावत आलं नाही.
म्हणजे मी नव्हतो तिथं.
क्षणभर हलकं वाटलं मला.
मग त्या हलक्या वाटण्याची अशी शिसारी आली
की खिडकीबाहेर पाहत बसलो.
पार्किंगमध्ये एक पोरगा भिंतीवर चेंडू मारत होता.

मग तिनं त्याला विचारायला सुरुवात केली.
महिना कोणता?
त्यानं बाईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.
चिखलातून पाहायचा तसं, वर, पापण्यांवरून पाणी गळत असल्यासारखं.
दोन, म्हणाला.
साल?
दोन.
मुलं किती तुम्हाला?
दोन.
(तीन आहेत. धाकटी बाहेर गाडीत बसली होती.)
बाई लिहीत गेली.
नेस्टाला आधी हसू आलं.

मी हात खिशात घातले होते.
कोटाच्या, अगदी खोल.
तो मात्र उठून उभा राहिला,
खांदे उडवले, पायांनी जमीन चाचपली,
आता जाऊ ना, असं माझ्याकडे बघत.
आणि खिशात माझी किती बोटं ताठ होती
ते माझं मला ठाऊक.