एकोणीस गाद्या

फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पट्टी हवी :
नाव, खोली, जायची तारीख.
तारीख उलटली की डबा बेवारशी,
त्यातलं लोणी कुणीही खावं.
मेरेआनाचा हा पहिला नियम.
दुसरा : उशीवर बसायचं नाही,
डोकं टेकायची जागा आहे ती.
टेबलावर तर नाहीच नाही.
तिसरा पैशांचा, तो दारातल्या पाटीवर आहे :
आठ जणांच्या खोलीत बत्तीस डॉलर,
चादरीचे दोन वेगळे.

मी रोज दोन तास संडास घासते
म्हणून खिडकीखालचा बंक मला फुकट.
वरच्या बंकवर ओंद्रेय, किवीच्या बागांतून आलेला,
झोपेतही हात उंच करून फळं तोडतो.
इग्नासियाला सारखा नवा समुद्र लागतो;
हा अकरावा, वहीत टिपलाय तिनं.

पायरीवर अधूनमधून एक बादली असायची
जित्या, काळ्या, काटे हलवणाऱ्या किनांची.
कोरो पाओरा ठेवून जायचा, हाक न मारता.
मंगळवारी बादलीऐवजी त्याचा नातू आला,
रावीरी, अनवाणी, टोपी हातात.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,
आंटी, गाद्या किती आहेत?

एकोणीस.

मेरेआनानं दारातली पाटी उलटी केली
आणि आम्हाला सांगितलं, समजावलं नाही :
ऑकलंडहून दोन बसगाड्या निघाल्यात,
ऑस्ट्रेलियातून त्याच्या पोरी येतायत,
मराएवरच्या गाद्या पुरायच्या नाहीत.
जायचं त्यांना पैसे परत.
राहायचं त्यांनी एकेक गादी उचला.

डॅनिश जोडप्यानं पैसे मोजून घेतले.
बाकीचे आम्ही जुन्या टोयोटाच्या हौद्यात,
गाद्यांवर बसून
(गाद्यांवर चालतं, विचारून घेतलं होतं)
खाडीच्या कडेकडेनं गेलो.

फाटकाशी थांबवलं.
आतून एका बाईचा आवाज उठला,
गाणं नव्हे, रडणंही नव्हे,
लांबून दोर टाकावा तसा.
मेरेआना पुटपुटली, तुला एकटीला नाही बोलावत ती,
तुझ्याबरोबर तुझे मेलेलेही आलेत ना.
मी वळून पाहिलं.
मागे गाद्यांची गाडी होती,
आणि हौद्यातून उतरताना अडकलेला
ओंद्रेयचा एक पाय.

तीन दिवस बटाटे सोलले.
इग्नासियानं वही उघडली नाही,
तिची बोटं रताळ्यांच्या चिकानं काळी पडली होती.
रात्री त्या लांब घरात झोपायचं :
आढं म्हणजे पूर्वजाचा कणा, वासे म्हणजे बरगड्या,
पोटात आम्ही सत्तर जण,
डोकी भिंतीकडे, पाय मध्ये,
आणि उघड्या पेटीत कोरो, इस्त्रीच्या शर्टात.
माझी गादी मी ओळखली, कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून.
तिच्यावर कुणाची तरी आजी
दात काढून पेल्यात ठेवून गाढ झोपली होती.

हॉस्टेलवर घोरणाऱ्याच्या बंकला
सकाळी चिठ्ठी चिकटलेली असते.
इथे कुणीतरी अंधारात म्हणालं,
कोरो, आता तरी गप पड.
आणि सत्तर अंथरुणं हसून हलली,
पेटीजवळच्या काळ्या साड्याही.
साड्या कुठल्या. झगे. मला झोप होती.

पुरून परतताना फाटकातल्या नळाखाली हात ओले केले,
मग जेवण, मग पुन्हा गाद्या, पुन्हा टोयोटा.
उतरवून मोजल्या : अठरा.
धुराचा वास प्रत्येकीला.
फिरत असेल कुठेतरी, मेरेआना म्हणाली, येईल.
ओंद्रेय फळ्यांवरच झोपला.
पाटी अजून उलटीच आहे,
आणि फ्रिजमध्ये सगळ्यांच्या तारखा उलटून गेल्यात.

आज पहाटे रावीरी आला.
गादी नव्हती त्याच्याकडे, बादली होती,
जेमतेम अर्धी, केसांतून पाणी गळत.
ठेवली, आणि आख्खं घर जागं होईल एवढ्यानं ओरडला.
गुपचूप ठेवून जाणं
त्याला अजून जमत नाही.