पायऱ्या

मलाक्क्याला गेलो होतो तो वजनकाट्यांसाठी.
बंदरातले आठ काटे, चार दिवस, प्रत्येकाला शिक्का.
पाचव्या दिवशी विमान रात्रीचं,
म्हणून बर्नार्ड लाझारू म्हणाला, चल, गाव दाखवतो.

नदी दाखवली. लाल चर्च.
टेकडीवरचं दुसरं, ज्याला छप्परच उरलं नाही.
त्याच्या घरी जेवताना म्हातारी म्हणाली,
जनेल उघड रे, उकडतंय.
तिच्या बोलीतला तेवढाच एक शब्द कळला,
माझी आई म्हणायची तसाच,
शेवटचा ल किंचित ओढून.
मी ताटातला भात कालवतच राहिलो.

निघताना त्यानं सहज विचारलं,
तुमच्या पणजीच्या चर्चला पायऱ्या किती?

मी बेतीचा. रोज फेरीबोटीतून उतरून
त्याच चर्चखालून कचेरीत जातो,
सत्तावीस वर्षं.
ग्रॅमचा फरक मला चालत नाही.
म्हणालो, आहेत पुष्कळ.

आज शनिवार. कचेरी बंद, तरी फेरी पकडली.
घरी सांगितलं, बांगडे बघून येतो.
पिशवी काखेत, ओठांत आकडे,
पांढऱ्या कठड्याला हात लावत चढलो.
तेविसाव्या पायरीवर एका मुलीनं
हातात फोन दिला, काका, एक फोटो,
घंटा आली पाहिजे हं मागे.
तीनदा काढला. घंटा दोनदा कापली गेली.

तुम्ही इथलेच का, तिनं विचारलं.

नाही, म्हणालो, फिरायला आलोय.
आणि आकडा विसरलो होतो, म्हणून
पुन्हा खाली उतरलो.