ओळ दोनशे चौदा

महापे, रात्रीचे पावणेदोन.
चकती फिरतेय.
घणसोलीच्या तांडेलबाईंनी संध्याकाळी
साडेबारा टक्क्यांच्या यादीत सासऱ्यांचं नाव टाकलं,
तेव्हापासून फिरतेय म्हणतात.

सर्व्हरची नोंदवही उघडली.
त्यानं तर अर्ध्या सेकंदात उत्तर दिलेलं:
रिकामी यादी.

मग सापडली ओळ.
माझीच, मार्चमधली, घाईची:
यादीत काही नसेल
तर अजून यायचंय, असं समज.

शून्य येऊन उभं होतं दारात,
मी त्याला आलेलं धरलंच नाही.

एक अट बदलली. चकती थांबली.
तिथे आता चार शब्द:
एकही नोंद सापडली नाही.

चहावर साय धरलीय.
सकाळी बाईंना फोन.
काय सांगू,
दुरुस्त झालं?