घोडामासा

डॉक्टर पांगारकरांनी चिठ्ठीच्या मागं
एक डोकं काढलं, बाळबोध,
त्यात एक बदाम आणि बदामाला लागून
शेपटी वळवलेला घोडामासा.
"ही नावं माझी नाहीत," ते म्हणाले,
"शास्त्रातच तसं म्हणतात."

मला हसू आलं.
घोडामासा आमच्या जाळ्यात यायचा, कोळंबीच्या गाळात, बोटभर.
लहानपणी खिडकीत वाळत ठेवायचो.
वाळला की किती हलका होतो, ते मला विचारा.

अकरा वर्षं हर्णैला सोसायटीच्या खोलीत
मी वायरलेसचा सेट सांभाळते.
बत्तीस होड्या.
खरखर झाली की आधी मान ताठ होते,
शब्द मागून कळतात:
बर्फ संपला. डिझेल किती लिटर लिहू.
घरी सांग, जेवून घ्या म्हणावं.
वादळाची खबर वर्षातून एकदा, फार तर दोनदा.
पण बदामाला कॅलेंडर वाचता येत नाही.
तो प्रत्येक खरखरीला वादळच म्हणतो,
घरी कुकरच्या शिटीलासुद्धा.

आणि आठवणी राखायचं काम घोडामाशाकडे.
परवा लिलावात मावसबहिणीला हाक मारायला तोंड उघडलं
आणि नावच नाही.
तिच्या होडीचा नंबर आठवला, तांडेल आठवला,
टोपलीतल्या सुरमईचा भावसुद्धा.
ती माझ्याकडे बघत उभी.

समुद्राला उधाण येतं अवसेला, पुनवेला,
मग भांग लागतो, पाणी दमतं.
माझ्या डोक्यात अकरा वर्षं
भांग लागलाच नाही.

"मग औषध?"
"झोप," डॉक्टर म्हणाले. "चालणं. सेटपासून सुट्टी.
तो पुन्हा भरतो थोडाफार. घाई नको करू."
एवढ्यासाठी मी दापोलीपर्यंत एसटीनं गेले होते.

मंगळवार, शुक्रवार सेट इम्तियाज सोलकरकडे दिला.
पहिल्या मंगळवारी तीनदा उठून
खिडकीतून खोलीचा दिवा बघितला.
शुक्रवारी फोन तांदळाच्या डब्यात पुरला,
तरी कान डब्यातच.
आता सुकतीला पाजपंढरीकडे चालते,
ओल्या, घट्ट वाळूवरून.
श्वास घेताना चार पावलं, सोडताना सहा.
आठ म्हणाले होते, आठ जमत नाहीत.
सासूबाई म्हणतात, चालायचा पगार मिळतो का गं?

खरखर झाली की मान अजून ताठ होते.
पण काल, होण्याआधी, एक फट दिसली,
कालवाच्या शिंपल्याची असते तेवढी.
तिच्यातून मी तांडेलाचा आवाज ऐकला.
तो गाणं गुणगुणत होता, बटण सोडायला विसरला होता.

आणि आज सकाळी, पाचव्या की सहाव्या पावलाला,
कोणी विचारलेलं नसताना,
तारामती.
मोठ्यानं म्हणाले. एक कुत्रा थांबून बघून गेला.

उद्या बुधवार. सेटवर माझीच पाळी.