आकस्मिक

मंजुरीचं पत्र आलं एकोणतीस मार्चला,
पैसे तीसला, संध्याकाळी.
एकतीसला वर्ष संपतं.
विद्यापीठाच्या हिशेब खात्यात
ही घाई आम्ही दरवर्षी पाहतो.

रकाने तीन: उपकरणं, रसायनं, प्रवास.
मयुरा वैशंपायनचा प्रवास सायकलवरचा,
विश्वामित्रीच्या काठाने, नाल्यानाल्याला बाटली लावत.
मगरी उन्हात पडलेल्या,
रस्त्यावर पोलिसाखेरीज चिटपाखरू नाही.
सायकलला भत्ता बसत नाही.

विभागाचा फ्रीजर मे महिन्यातच गेला होता.
त्याची फाइल गांधीनगरला, मग दिल्लीला,
मग 'कृपया खुलासा करावा'.
दांडिया बाजारच्या जशुभाईंनी तेव्हा
कुल्फीचं गोडाऊन उघडून दिलं:
"लग्नंच नाहीत, खाणार कोण?"
आठ महिने शहराचं सांडपाणी
केशर-पिस्त्याच्या पाटीखाली गोठून राहिलं,
बाटलीबाटलीवर तारीख.
त्यातलंच वाचून तिने सांगितलं होतं,
वाडी भागात ताप नऊ दिवसांनी चढेल.
आठव्या दिवशी चढला.

आता नवा फ्रीजर. तीन कोटेशनं, एक दुपार.
उरलेल्या रकमेत जुनं देणं मिटवू म्हणून
जशुभाईंकडे भाड्याची पावती मागवली.

आली. दुकानाच्याच पॅडवर, गुजरातीत:
भाडं काही नाही.
विजेचं बिल तेवढं द्या,
आणि माणूस पाठवून गोडाऊन धुऊन द्या,
अखात्रीजला मुलगा गल्ल्यावर बसेल.
सही त्यांच्या पत्नीची.

पावती दोनदा उलटून पाहिली.
विजेला रकाना नाही.
मयुरा टेबलापाशी उभी, काही बोलत नाही.
'आकस्मिक', मी लिहितो,
रुपये चार हजार सहाशे दहा.