कोसमाखाली

कोसमतोंडीच्या पहाडीवर
कोसमाला तांबडी पालवी फुटली की
टोळी वरच बसून असते दिवसभर.
देठ चावायचा, उरलेलं पान सोडून द्यायचं.
खाली चितळं. त्यांच्याही खाली, उताराला,
तिजाबाई कोडापेच्या तीन शेळ्या.

"थो वरून सांडवते म्हून खालच्याचं पोट भरते,"
तिजाबाई म्हणते
आणि मोहफुलांची टोपली डोक्यावर घेते.

माझ्या वहीत: माद्या अकरा, पिल्लं चार.
नर नवा, सोमवारपासून.
कान फाटका, नाल्यापलीकडचा.

मंगळवारी पिल्लं तीन.

चौथं, अजून काळंच होतं ते,
आईनं गुरुवारपर्यंत पोटाशी धरून हिंडवलं,
एका हातानं पानं ओरबाडत.
मावश्या जवळ यायच्या, हुंगायच्या,
नेहमीसारखं मागून मात्र घेत नव्हत्या.

शुक्रवारी तिचे दोन्ही हात मोकळे.
त्या फाटक्या कानाच्या पाठीतून
ती काहीतरी वेचत होती, सावकाश, केस बाजूला सारत.

तिजाबाईला सांगितलं.
"मंग? जगाचं नाही का तिले?"

खाली एका चितळीनं मान वर केली,
इतका वेळ पान का पडलं नाही
म्हणून.