साडेचारचा राखाडी

शेफील्डला आलो तेव्हा माझं जग
अडीचशे मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कएवढं होतं.
विषय : कापूर.
त्याच्या सांगाड्यात कार्बनचा एक पूल असतो,
या काठावरून त्या काठावर टाकलेला.
तो मोडायचा आणि भलतीकडे पुन्हा बांधायचा,
एवढ्यासाठी चार हिवाळे.
शेवटी हाती आल्या एकशे चाळीस मिलिग्रॅम पांढऱ्या सुया.
प्रोफेसर व्हिटलॉक भिंगातून बघून म्हणाले,
"बरं आहे. आता लिहून काढा."

आई पत्रात विचारायची, कापराचा कसला अभ्यास?
तो तर जळून मागे काहीच ठेवत नाही.
मी उत्तरात काजळीचा विषय टाळायचो.

त्या दिवसांत आम्ही बेन्झीनने हात धुवायचो.
खरंच सांगतो.
साबणाला दाद न देणारं डांबर
बेन्झीनने चटकन निघायचं,
आणि त्याचा गोडसर वास, काय लपवू, आवडायचा मला.

नोकरी मिळाली ती महापालिकेत. हवा मोजायची.
खोलीवरचा अन्सारी पोट धरून हसला,
"पुड्या बांधून विकणार का रे?"

जवळजवळ तसंच होतं ते.
ॲटरक्लिफच्या वाचनालयाच्या तळघरात
एक पंप रात्रंदिवस रस्त्याची हवा ओढत बसलेला,
वाटेत एक गोल टीपकागद, पुढे बाटलीत पेरॉक्साइड.
मेव्हिस ऑक्स्ली सकाळी चिमट्याने कागद उचलायची.
जानेवारीत तव्याच्या बुडासारखा,
कारखान्यांच्या सुट्टीत मात्र
बाळाच्या गालावरच्या तिटेएवढाच काय तो काळा.
"हा आमच्या बर्टचा," ती डागाकडे बघून म्हणायची.
बर्ट भट्टीवर होता.
बर्ट खोकून खोकून गेला, त्यानंतरही
ती म्हणायचीच.

बाटलीतलं आम्ल मी थेंबाथेंबाने उतरवायचो.
गुलाबी. गुलाबी. अजून गुलाबी.
थेंब जास्त पडला की निळा, दिवस फुकट.
या दोघांच्या मधे एक राखाडी क्षण असतो,
पीएच साडेचार, तिथे हात आवरायचा.
बसस्टॉपवर लोक विचारायचे, मूळचा कुठला? परत कधी जाणार?
त्यांना गुलाबी किंवा निळं उत्तर हवं असायचं.
माझा हात तिथेही
आपोआप आवरला जायचा.

मग एकेक भट्टी विझली.
टीपकागद कोरे येऊ लागले,
पहिल्याच थेंबाला राखाडी.
पेपरात छापून आलं, हवा स्वच्छ झाली.
शेजारच्या सात घरांतले पुरुष
दिवसाउजेडी खिडकीत बसलेले दिसायचे,
ते कुठल्या रकान्यात भरायचं
हे फॉर्मवर नव्हतं.
मेव्हिस निवृत्तीच्या दिवशी कोरा कागद उजेडात धरून
बराच वेळ उभी होती.
"बर्ट गेला वाटतं," म्हणाली, आणि कोट घातला.

मला वाटलं, आपलंही काम संपलं.
पण टिन्सलीच्या शाळेमागून मोटरवे गेलेला.
दिव्याच्या खांबांवर बोटाएवढ्या नळ्या टांगल्या आम्ही,
महिनाभर उघड्या, नुसत्या श्वास घेणाऱ्या.
पोरं दगड मारायची. एकाने एक नळी चॉकलेटच्या बदल्यात परत दिली.

पुढे फ्रिजएवढं यंत्र आलं,
हवेतला एकेक पदार्थ सुटा करून
कागदावर टेकड्या काढणारं.
पहिल्याच नमुन्यात बेन्झीन, अब्जात चार.
शाळेच्या फाटकापाशी एवढंसं, आणि आम्ही चौकशी बसवली.
मी टेबलाखाली
आपले हात एकमेकांवर चोळले.

त्याच्या बरीच पुढे एक बुटकी टेकडी.
कीरन, नवीन मुलगा, पेन्सिल टेकवून म्हणाला,
"हे गाड्यांचं नाही, सर. पाइनीन दिसतंय.
कब्रस्तानातल्या पाइनचं, नाहीतर फरशी पुसायच्या औषधाचं.
काढून टाकू तक्त्यातून?"

पाइनीन.
कारखान्यात कापूर ज्याच्यापासून करतात ते.
चार हिवाळे मी ज्याच्या लेकराची हाडं मोजत होतो,
ते इथे मोटरवेच्या कडेला
मोकळंच फिरत होतं.

"राहू दे," म्हटलं.
"ओळखीतलं आहे."